वाड्यात सापडलेली बीएसएची फ्रेम: साल विचारण्याआधी काय बघायचं

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. कसबा पेठेतला आत्याचा वाडा पुनर्विकासाला गेला, तेव्हा जिन्याखालच्या अडगळीत एक उघडी फ्रेम आणि एक चाक निघालं. ट्रंकेत आत्याच्या यजमानांच्या नावाचं आरसी बुक मिळालं. त्यात 'बीएसए' (ही जुनी ब्रिटिश मोटरसायकल कंपनी) आणि 'मॉडेल १९४८' एवढं वाचता येतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत फ्रेमच्या हेडस्टॉकवर, म्हणजे हँडलचा दांडा ज्यात फिरतो त्या पुढच्या नळीवर, रंगाखाली 'डब्ल्यूएम२०' दिसतं, पुढे पाच आकडे आहेत आणि त्यातले दोन गंजाने खाल्लेत. शेजारचे म्हणतात बुलेटची फ्रेम आहे. गॅरेजवाले म्हणतात, सँडब्लास्ट करून पावडर कोट मारू, नंबर नंतर नव्याने पंच करता येईल. तुम्हाला हवंय ते असं: ही नक्की कोणती गाडी, कोणत्या सालची, आणि हिच्यावर गाडी उभी करता येईल का?

फ्रेम सँडब्लास्टिंगला दिली असेल तर आजच परत आणा. दिली नसेल तर देऊ नका. जाड वाळूच्या माऱ्याने पंचाच्या कडा बोथट होतात, आणि गंजाने आधीच अर्धे झालेले आकडे कायमचे जातात. त्यावर पावडर कोटचा थर बसला की उरलंसुरलंही बुजतं. नव्याने पंच करण्याची गोष्ट तर डोक्यातूनच काढून टाका. आरटीओच्या लेखी परवानगीशिवाय चेसिस नंबर पंच करणं बेकायदा आहे. शिवाय घरातली, कागदासकट मिळालेली खरी फ्रेम तुम्ही आपल्याच हाताने संशयास्पद करून बसाल. पुढे कुणी कितीही समजावून सांगितलं तरी नवा पंच पाहिलेला इन्स्पेक्टर मागे हटत नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

तुम्ही साल विचारलंय, पण माझ्या मते मूळ प्रश्न सालाचा नाही. आरसी बुकात लिहिलेल्या गाडीचीच ही फ्रेम आहे का, हा खरा प्रश्न आहे. जुन्या गाडीचं इंजिन बदललेलं असतं, टाकी बदललेली असते, चाकं तर हमखास बदललेली असतात. ओळख टिकते ती फ्रेमवर. ही फ्रेम आणि तो कागद एकमेकांचे निघाले, तर तुमच्याकडे एक गाडी आहे, तिचे भाग तेवढे जमवायचे आहेत. नाही निघाले, तर तुमच्याकडे एक जुनी फ्रेम आणि एक जुना कागद आहे, आणि त्या दोघांना जबरदस्तीने एकत्र आणता येत नाही. साल त्यानंतर येतं. उत्तर कुठे जाईल हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे: नेमके कोणते आकडे खाल्ले गेलेत, आरसीत चेसिसच्या रकान्यात काय लिहिलंय, आणि मधल्या काळात फ्रेमला कुणी कापाकापी केली आहे का. फोटोवरून मला यातलं काहीच ठामपणे सांगता येणार नाही. पण शोधायचं कसं ते सांगतो.

नंबर वाचण्याआधी फ्रेमची बांधणी वाचायची, असा माझा क्रम असतो. नंबर कुणीही मारू शकतो, बांधणीची नक्कल करणं फार अवघड. पुण्यात अडगळीतून निघणाऱ्या जुन्या फ्रेम बहुतेक वेळा जावा-येझदी, राजदूत किंवा बुलेटच्या असतात, म्हणून आधी त्या बाजूला काढू. म्हैसूरला १९६१ पासून बनलेल्या जुन्या २५० जावाची फ्रेम चौकोनी छेदाच्या नळ्यांची आणि वेल्ड केलेली असते, ती लांबूनही ओळखू येते. बुलेटला, म्हणजे मद्रासच्या एनफिल्ड इंडियाने १९५५ नंतर आणलेल्या बुलेटला, मागे चिमटा, म्हणजे चाकासकट वर-खाली हलणारा फाटा, आणि दोन शॉकॲब्सॉर्बर असतात. तुमच्या फोटोत मागचा भाग सरळ ताठ आहे. चिमटा नाही, शॉकॲब्सॉर्बर बसवायची जागाही नाही, मागच्या नळ्या थेट चाकाच्या आसापर्यंत गेल्यात. याला आपण रिजिड फ्रेम म्हणतो. तेव्हा शेजारच्यांची बुलेट इथेच बाद झाली.

रिजिड फ्रेम म्हटल्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लष्करी गाड्या डोळ्यांसमोर येतात: बीएसए एम२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी३एल, एरियल, एनफिल्डची डब्ल्यूडी (लष्करासाठी बनवलेली) मॉडेलं, ट्रायम्फ ३एचडब्ल्यू. यांच्या फ्रेममध्ये नळी नळीला वेल्ड केलेली नसते. घडीव किंवा ओतीव जोडात, म्हणजे लगमध्ये, नळी घालून पितळाने ब्रेझ केलेली, म्हणजे वितळलेल्या पितळाने सांधलेली असते. एखाद्या लगच्या कडेला, नंबरपासून लांब, नखाएवढ्या जागेतला रंग काढा आणि बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा. लग आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी पिवळसर रेघ चमकली, तर तो कारखान्यातला ब्रेझ केलेला जोड. त्याऐवजी राखाडी, फुगीर, खवल्यांसारखा पट्टा दिसला तर तिथे नंतर कुणीतरी वेल्डिंग केलंय. अशी प्रत्येक जागा खडूने खुणा करून ठेवा, पुढे लागेल.

एम२०ची आणखी एक चांगली खूण म्हणजे साइडकार जोडायचे लग. ही गाडी सुरुवातीपासून साइडकार ओढायला म्हणून बनवलेली होती, त्यामुळे ते लग फ्रेमचाच भाग आहेत. फोटोत मला एका ठिकाणी तसा उंचवटा दिसतोय, पण अंधारात आहे. कुणी 'हे काय बिनकामाचं' म्हणून कापले असतील तर तिथे ग्राइंडरची सपाट खूण मिळेल. ही कापाकापी मी अनेक फ्रेमवर पाहिली आहे आणि दर वेळी जीव हळहळतो. काही लगांवर उठावाचे आकडेही असतात. ते त्या सुट्या भागाचे आकडे, फ्रेमचा नंबर नव्हे. फ्रेमचा नंबर नेहमी आत ठोकलेला असतो, बाहेर आलेला नसतो.

तिसरी परीक्षा आट्यांची. नाना पेठेतल्या हत्यारांच्या दुकानात आटे मोजायचा गेज मिळतो, पानांचा जुडगा असतो तसा. तो घ्या, फार महाग नसतो. जावाचे आटे मेट्रिक. बीएसएचे इंची, आणि फ्रेमवर बऱ्याच ठिकाणी सायकल थ्रेड, म्हणजे इंचाला २६ आटे. फक्त असं छिद्र निवडा ज्यात आजवर कुणी खाडाखोड केलेली नाही. कारण ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि तिथे आपल्याकडच्या मेकॅनिकनी वर्षानुवर्षं आठचा मेट्रिक बोल्ट दाबून बसवलाय. तो बसतो, पण मूळ आटे चिरडून टाकतो. अशा छिद्रात गेज घातला तर उत्तर भलतंच येतं आणि माणूस विनाकारण गोंधळतो.

समजा बांधणी, साइडकारचे लग आणि आटे या तिन्ही गोष्टी बीएसएकडे बोट दाखवतात. आता नंबराकडे या.

बीएसएने त्या काळात नंबराच्या सुरुवातीला वर्षाचं अक्षर ठेवलं होतं. १९३७ला एच, १९३८ला जे, १९३९ला के. १९४०ला डब्ल्यू आलं. इथे बहुतेक लोक फसतात. 'डब्ल्यू म्हणजे १९४०' असं कुठेतरी वाचतात आणि गाडीवर १९४०ची पाटी लावून मोकळे होतात. पण युद्ध सुरू झाल्यावर कारखाना जवळजवळ पूर्णपणे लष्करासाठी काम करत होता, आणि डब्ल्यू हे अक्षर युद्ध संपेपर्यंत तसंच चालू राहिलं. एक्स, वाय, झेड ही अक्षरं युद्धानंतरची. एकूण सव्वा लाखाच्या आसपास एम२० बनल्या आणि त्यातल्या बहुसंख्य याच डब्ल्यूच्या पोटात आहेत. त्यामुळे अक्षर तुम्हाला फक्त १९४० ते १९४५ एवढा काळ देतं. नेमकं साल पुढच्या आकड्यांत दडलेलं आहे.

म्हणूनच कोणते दोन आकडे खाल्लेत हे मी वर विचारलं. शेवटचे दोन गेले असतील तर फारसं बिघडलेलं नाही. तुमची फ्रेम शंभर फ्रेमच्या एका गटात बसते, आणि एवढा गट साधारण एकाच सुमाराला कारखान्यातून बाहेर पडलेला असणार. पण पहिले दोन गेले असतील तर उरलेल्या तीन आकड्यांवरून काहीच कळत नाही, सगळा युद्धकाळ खुला राहतो. गेलेले आकडे तेवढेच, उत्तरात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

'एम२०' या अक्षरांचाही अर्थ नीट समजून घ्या. ४९६ सीसीची साइड व्हॉल्व्ह एम२०, ५९१ सीसीची एम२१ आणि युद्धानंतरची ओव्हरहेड व्हॉल्व्ह एम३३ या तिघींना बीएसएने एकाच घराण्यातली फ्रेम दिली, आणि फ्रेमवर एम२०च ठोकलं. म्हणजे फ्रेमवरून इंजिन ठरत नाही. तुमच्या बाबतीत डब्ल्यू आहे म्हणून मूळ गाडी लष्करी एम२० असण्याचीच शक्यता फार मोठी. पण आत्याच्या यजमानांनी ती चालवली तेव्हा तिच्यात कोणतं इंजिन होतं, ते आरसीतला इंजिन नंबरच सांगेल.

त्याच ओघात 'मॅचिंग नंबर'बद्दलही सांगतो, कारण हा प्रश्न पुढे तुमच्याकडे येणारच. नॉर्टनच्या कारखान्यात फ्रेम आणि इंजिनाला एकच नंबर मिळायचा. बीएसएत तसं नव्हतं. तिथे इंजिनाचा नंबर वेगळा, फ्रेमचा वेगळा, आणि कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये गेलं ते वहीत लिहिलं जायचं. तेव्हा कुणी तुम्हाला फ्रेम आणि इंजिनावर हुबेहूब एकच नंबर असलेली एम२० 'ओरिजिनल' म्हणून दाखवली, तर दोन पावलं मागे या. त्यातला एक नंबर बहुधा नंतर ठोकलेला आहे.

आता १९४८चं कोडं. डब्ल्यू अक्षराची फ्रेम १९४८ साली कारखान्यातून निघालेली असणं जुळत नाही. मग आरसी खोटं आहे का? तसं समजू नका. युद्ध संपल्यावर इथल्या लष्कराकडच्या गाड्या लिलावात निघाल्या. पुणं लष्कराचं शहर, खडकी आणि देहूरोडला डेपो, त्यामुळे अशा गाड्या इथल्या लोकांच्या हाती लागणं स्वाभाविक होतं. लिलावात घेतलेल्या गाडीसोबत कारखान्याचे कागद नसायचे. नागरी नोंदणी करताना ज्या वर्षी नोंदणी झाली तेच वर्ष 'मॉडेल' म्हणून लिहिलेलं मला बऱ्याच जुन्या पुस्तकांत दिसलंय. म्हणजे तुमच्या गाडीला तीन वेगळ्या तारखा असू शकतात: बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून बाहेर पडल्याची, लष्कराने टाकून दिल्याची, आणि इथे पहिल्यांदा नोंदणी झाल्याची. आरसीतलं १९४८ हे बहुधा तिसरं. तिन्ही खरी असू शकतात, फक्त एकीच्या जागी दुसरी लिहायची नाही.

लष्करी गाडी होती का, हे तपासायला रंगाचे थर फार उपयोगी पडतात. हेडस्टॉकमधल्या बेअरिंगच्या वाट्या काढल्यावर आतल्या कडेला, सीटच्या स्प्रिंगच्या लगखाली, स्टँडच्या जोडात, अशा जिथे पुढच्या रंगाऱ्यांचा ब्रश पोचला नाही त्या जागा शोधा. ब्लेडने तिरका हलका काप घेतला की थर एकाखाली एक दिसतात. माझ्याकडे आलेल्या एका एम२०वर वरून चंदेरी, त्याखाली काळा, त्याखाली लाल ऑक्साइड, मग मळकट ऑलिव्ह आणि अगदी धातूला चिकटून तपकिरी, असा क्रम होता. ब्रिटिश लष्कराने युद्धाच्या सुरुवातीला खाकी-हिरवा वापरला, मधल्या वर्षांत तपकिरी, आणि १९४४पासून ऑलिव्ह. त्यामुळे सगळ्यात खालचा थर तपकिरी असेल तर तो मधल्या वर्षांकडे इशारा करतो. पण फक्त इशारा. लष्करी वर्कशॉपात गाड्या पूर्ण उघडून, धुऊन, पुन्हा रंगवल्या जायच्या, आणि तिथे एकीचं इंजिन दुसरीत जाणं ही रोजची गोष्ट होती. रंग पुरावा म्हणून जोडायचा, निकाल म्हणून नाही.

इथवर हाती काय आलं ते बघू: बांधणीवरून रिजिड ब्रिटिश फ्रेम, लग आणि आट्यांवरून बीएसएचं एम घराणं, अक्षरावरून १९४० ते १९४५. आरसीतलं १९४८ त्याला आडवं जात नाही. राहिले ते दोन आकडे.

ते वाचण्यासाठी घाई करू नका. जेलसारखा पेंट रिमूव्हर ब्रशने लावा, फुगू द्या, आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. तारेचा ब्रश, ड्रिलला लावायचं तारेचं चाक, ग्राइंडर यातलं काहीही जवळ आणू नका. गंजावर थोडं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती कापडाने पुसा. मग खोलीत अंधार करून टॉर्च जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून तिरका धरा. समोरून उजेड टाकला तर खड्डा आणि गंज सारखेच दिसतात. तिरक्या उजेडात पंचाच्या खड्ड्याला एक स्वच्छ, सरळ कड दिसते, गंजाच्या खड्ड्याला ती नसते. मोबाइल एका जागी पक्का ठेवा आणि टॉर्च चारही बाजूंनी फिरवत फोटो काढा. एका फोटोत आठाचं वरचं वर्तुळ उमटेल, दुसऱ्यात खालचं. शेवटी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासून ठसा घ्या. आरटीओत चेसिसचा पेन्सिल ठसा घेतात तोच प्रकार.

हे सगळं करताना आरसी बुक कपाटात ठेवा. मी हे अगदी मनापासून सांगतोय. कागदावरचा आकडा आधी पाहिला की गंजातही तोच दिसायला लागतो. आधी फ्रेमवरून जे दिसतं ते लिहा. खात्री नसेल तिथे 'तीन किंवा आठ', 'एक किंवा सात', 'सहा किंवा शून्य' असं लिहा. शक्य असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वेगळं वाचून घ्या. त्यानंतर आरसी उघडा. तुमच्या शक्यतांमध्ये आरसीतला नंबर बसला तर तो खरा दुजोरा. आरसी पाहून रिकाम्या जागा भरल्या तर तो दुजोरा नव्हे, ती नक्कल झाली. आणखी एक गोष्ट तपासा: जुन्या हस्तलिखित पुस्तकांत कधी कधी इंजिनाचा नंबर चेसिसच्या रकान्यात गेलेला असतो, किंवा दोन्हीकडे एकच लिहिलेला असतो. त्यामुळे पहिल्या नजरेला जुळलं नाही तर लगेच खचू नका, दोन्ही रकाने पाहा.

आम्लाने आकडे उठवता येतात असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्यात तथ्य आहे. पंच मारताना आकड्याखालचा धातूही दाबला जातो, आणि वरचा थर गेला तरी ती दाबलेली जागा आम्लाने वेगळी दिसू शकते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा हेच करतात. पण त्यासाठी पृष्ठभाग घासून गुळगुळीत करावा लागतो, आणि घरी केलेला असा प्रयोग नंतर आरटीओत छेडछाडीसारखाच दिसतो. ते काम अधिकाऱ्यांनी सांगितलं तर त्यांच्यामार्फतच.

नंबर पूर्ण किंवा जवळपास पूर्ण हाती आला की कारखान्याच्या नोंदींकडे जा. इंग्लंडमधल्या बीएसए ओनर्स क्लबमध्ये गाडीचं साल ठरवून देण्याची सोय आहे. बर्टन अपॉन ट्रेंटच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडेही अनेक जुन्या कारखान्यांच्या वह्यांचा संग्रह आहे. त्यांना फोटो, पेन्सिल ठसा आणि फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो पाठवा. फ्रेम आणि इंजिनाचे नंबर वेगवेगळे लिहा, गोळाबेरीज करू नका. लष्करी गाड्या ठरावीक कंत्राटांच्या गटांत बनत, त्यामुळे नंबर कोणत्या गटात पडतो यावरून काळ बऱ्यापैकी बारीक करता येतो. तिथून आलेलं पत्र फ्रेमचं असेल, पूर्ण गाडीचं नाही, हे लक्षात ठेवा.

आता आरटीओ. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी यात येते. मोजणी कारखान्यातून निघाल्यापासून नाही, पहिल्या नोंदणीपासून होते. तेव्हा तुमच्या आरसीतलं १९४८, जे सालासाठी दिशाभूल करत होतं, तेच इथे तुमच्या सगळ्यात कामाचं आहे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणून साइडकारचे लग कापू नका आणि मागे चिमटा लावायचा मोह टाळा. जुना नोंदणी क्रमांक असलेल्या गाडीला तो ठेवता येतो. नवी व्हिंटेज नोंदणी केली तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नियमातलं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला रोज ऑफिसला न्यायची असेल तर हा मार्ग तुमचा नाही.

मालकीचा भाग वेगळा आहे. पुस्तक आत्याच्या यजमानांच्या नावावर आहे आणि ते हयात नाहीत, त्यामुळे वारसा हक्काने नाव बदलायचा अर्ज करावा लागेल, तो फॉर्म ३१. वारस आत्या आणि त्यांची मुलं आहेत, तुम्ही नाही. आधी त्यांच्या नावावर आणि मग तुमच्या, अशी साखळी लागेल. आत्यांशी आणि भावंडांशी मोकळेपणाने बोलून संमती लेखी घ्या. फ्रेम भंगाराच्या भावाची वाटते तोवर सगळे हो म्हणतात, गाडी उभी राहिल्यावर बोलणी अवघड होतात. पुस्तक हाताने लिहिलेलं आहे म्हणजे नोंद संगणकावर नसण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा संगम पुलाजवळच्या कार्यालयात बॅकलॉग एंट्रीबद्दल, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवण्याबद्दल विचारा. पाटीचा क्रमांक एमएच-१२ नसेल, कारण ती पद्धत १९८९ची. आधीचा तीन अक्षरांचा क्रमांक स्पष्ट लिहून न्या, जुन्या रजिस्टरात शोधायला तोच लागतो.

आणि नंबर जुळलाच नाही तर? मग या फ्रेमवर ते आरसी लावू नका, एवढंच मी सांगू शकतो. फ्रेम जपून ठेवा, बीएसएवाल्या मंडळींमध्ये तिची नोंद करा, कागद शाबूत आणि फ्रेम मोडकी असा कुणीतरी भेटू शकतो. पण तिथेही नंबर बदलायचा प्रश्न आला की थांबायचं.

फ्रेम वापरण्याजोगी आहे का, हे नंबराइतकंच महत्त्वाचं आणि त्याला कागद लागत नाही. साइडकार ओढलेल्या फ्रेम एका बाजूला खेचल्या जातात. हेडस्टॉकमध्ये सरळ गज घालून तो मागच्या आसाच्या जागेशी काटकोनात आहे का बघा, आणि दोन्ही बाजूंनी दोरी ताणून अंतरं ताडा. तडे बहुतेक लगच्या तोंडाशी मिळतात, जिथे नळी आत शिरते. रॉकेल लावून पुसा, वर खडूची पूड शिंपडा आणि थोडा वेळ थांबा. तडा असेल तर रॉकेल बाहेर झिरपून ओली रेघ उमटते. तडा सापडला तर त्यावर मिग किंवा आर्क वेल्डिंग करू देऊ नका. जोडात पितळ आहे, ते वितळून वेल्डमध्ये मिसळतं आणि वेल्ड पुन्हा फाटतो. ब्रेझिंग येणारा जुना कारागीर शोधा. रंग शेवटी, आणि तोही पातळ स्टोव्ह एनॅमल, म्हणजे भट्टीत भाजून पक्का केलेला रंग. नंबरच्या जागेवर पुटी अजिबात नको.

तोवर जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जाऊन भाग गोळा करायचा उत्साह आवरा. गर्डर फोर्क (पुढचा जुन्या पद्धतीचा स्प्रिंगचा फाटा), १९ इंची चाकं, मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनामो यांचा जोड) यावर पैसे घालायला नंतर भरपूर वेळ आहे, आणि नंबर न जुळल्यास यातलं काहीच लागणार नाही.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा हे फोटो टाका: हेडस्टॉक डावीकडून आणि उजवीकडून, पुढच्या नळीचं खालचं टोक जिथे इंजिनाचा माउंट आहे (काही बीएसएंवर नंबर तिथेही असतो), साइडकारचे लग, मागच्या आसाची दोन्ही टोकं, आणि रंगाच्या थरांचा तो तिरका काप. नंबराचे तिरक्या उजेडातले चार फोटो वेगळे. आरसीचं पान इथे टाकू नका, त्यावर नाव-पत्ता आहे. फ्रेमवरून तुम्ही वाचलेले आकडे, शंकेसकट, तेवढे लिहा. मी माझं वाचन स्वतंत्र लिहून पाठवतो, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू.